मातीच्या वस्तू बनवता? पीएम विश्वकर्माचा फॉर्म असा भरा

पोळ्याचे बैल, छोटी चूल-जाती, दीपमाळ, फ्रिजवर लावायचे मॅग्नेट असं काही मातीचं हाताने बनवून विकत असाल आणि अजून पीएम विश्वकर्माला (हाताने काम करणाऱ्या कारागिरांसाठीची केंद्र सरकारची योजना) नाव नोंदवलं नसेल तर नोंदवून टाका. योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, त्यात १८ धंदे आहेत, कुंभार आहे, मूर्तिकार आहे, बाहुल्या-खेळणी बनवणारे पण वेगळे आहेत, म्हणून ट्रेड निवडताना घाई नको. रोजचं काम चाकावरचं असेल तर कुंभारच टाका, कारण ट्रेनिंग आणि टूलकिट त्यावरूनच ठरतं.

वय १८ पूर्ण पाहिजे, काम स्वतःचं पाहिजे, आणि एका कुटुंबातून एकच जण. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं, त्यामुळे लग्न झालेला भाऊ वेगळा अर्ज करू शकतो. घरात कुणी सरकारी नोकरीत असेल तर जमत नाही. मागच्या ५ वर्षांत पीएमईजीपीचं (धंदा उभा करायच्या सरकारी योजनेचं) लोन घेतलं असेल तरी नाही, पण मुद्रा (छोट्या धंद्यांसाठीचं) किंवा स्वनिधी (फेरीवाल्यांसाठीचं) कर्ज घेऊन पूर्ण फेडलं असेल तर चालतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं आणि ते उगाच मागे राहतात.

कागदपत्रं जास्त नाहीत. आधार, आधारला लिंक असलेला मोबाईल, बँक पासबुक, रेशनकार्ड. रेशनकार्ड नसेल तर घरातल्या सगळ्यांचे आधार. फॉर्म सीएससी सेंटरवर (सरकारी कामांचे ऑनलाइन फॉर्म भरून देणारं केंद्र) भरतात, नोंदणी फ्री आहे, कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

तिथे अंगठा द्यावा लागतो. आमच्या काकूंचा चार वेळा लागलाच नाही, चाळीस वर्षं माती मळून बोटांच्या रेषाच झिजल्यात, शेवटी हात कोमट पाण्याने धुऊन कोरडे केले आणि दुसरं बोट दिलं तेव्हा लागलं. जायच्या दिवशी मातीत हात घालू नका.

पुढे तपासणी तीन टप्प्यांत, आधी ग्रामपंचायत किंवा नगरपालिका, मग जिल्हा समिती, मग स्क्रीनिंग कमिटी. अर्ज बहुतेक पहिल्याच ठिकाणी पडून राहतो, तेव्हा सरपंचांना स्वतः जाऊन भेटा.

मंजूर झालं की ५ ते ७ दिवसांचं ट्रेनिंग, दिवसाला ५०० रुपये भत्ता, टूलकिटसाठी १५ हजारांपर्यंतचं ई-व्हाउचर (रोख नाही). नंतर पाहिजे असेल तर विनातारण कर्ज, पहिलं १ लाखापर्यंत १८ महिन्यांसाठी, ते नीट फेडलं तर २ लाखांपर्यंत ३० महिन्यांसाठी, व्याज ५ टक्के. पहिलं कर्ज ट्रेनिंगनंतरच मिळतं, त्यामुळे दिवाळीच्या मालासाठी पैसे लागणार असतील तर फॉर्म उन्हाळ्यातच भरा.

पॅनकार्ड असेल तर उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) पण करून घ्या, ती पण फ्री आहे आणि आधार-पॅनवर घरबसल्या होते.