अमेरिकेत फेडरल मॅजिस्ट्रेट जज व्हायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची प्रोसेस

अमेरिकेत वकिली करणारी आपली बरीच मुलं-मुली फेडरल जज म्हटलं की विषयच सोडून देतात, कारण राष्ट्राध्यक्षांनी नाव सुचवायचं, सिनेटने मंजूर करायचं, तिथवर आपली ओळख कुठे. डिस्ट्रिक्ट जजसाठी ते खरंय. पण मॅजिस्ट्रेट जजला त्या त्या डिस्ट्रिक्ट कोर्टाचे (खटले चालवणारं फेडरल कोर्ट) जजच बहुमताने नेमतात, जागा निघाली की कोर्टाच्या वेबसाइटवर नोटीस लागते आणि पात्र असलेला कुठलाही वकील अर्ज टाकू शकतो. आपल्याकडे जेएमएफसीला (प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी) एमपीएससीची परीक्षा असते, इथे परीक्षा नाही, आजवरचं कामच बघतात.

पद १९६८ च्या कायद्यातलं. फुलटाइमची टर्म ८ वर्षं, पार्टटाइमची ४, पुन्हा नेमणूक होऊ शकते. फुलटाइमचा पगार डिस्ट्रिक्ट जजच्या ९२ टक्क्यांपर्यंत. अटक झालेल्या माणसाची पहिली हजेरी, बेल, सर्च वॉरंट, सेटलमेंट हे रोजचं काम, शिवाय दोन्ही पार्ट्या तयार असतील तर सिव्हिल केस निकालापर्यंत चालवता येते. फेलनीचा, म्हणजे गंभीर गुन्ह्याचा, खटला मात्र नाही.

पात्रतेत मुख्य अट म्हणजे राज्याच्या बारची (वकिलांच्या नोंदणीची) किमान ५ वर्षं मेंबरशिप, तीही गुड स्टँडिंगमध्ये, म्हणजे सनद चालू आणि निलंबन वगैरे नसलेली, आणि ५ वर्षं प्रत्यक्ष प्रॅक्टिस. जजकडे लॉ क्लर्क (कायद्याचं संशोधन करणारा सहायक) म्हणून केलेलं काम यात धरता येतं, पण जास्तीत जास्त २ वर्षं. नेमणूक करणाऱ्या कोर्टातल्या कुठल्याही जजशी रक्ताचं किंवा लग्नाचं नातं नको. वयाची मर्यादा ७०, त्यापुढे जजेसनी मतदान करून ठेवलं तरच.

आता फॉर्म, आणि खरा वेळ इथेच जातो. शिक्षण, बार अ‍ॅडमिशनच्या तारखा, सगळ्या नोकऱ्या, शिस्तभंगाची कधी तक्रार झाली असेल तर ती, रेफरन्स, बऱ्याच ठिकाणी स्वतः लिहिलेल्या ब्रीफचा (कोर्टात दिलेल्या लेखी युक्तिवादाचा) नमुना, आणि महत्त्वाच्या केसेस, त्यात समोरचा वकील कोण होता हेही विचारतात. म्हणजे ज्याच्याशी तुम्ही भांडलात त्यालाच तुमच्याबद्दल विचारलं जाऊ शकतं, त्यामुळे कोर्टात समोरच्याशी नीट वागणं हीसुद्धा या अर्जाचीच तयारी आहे असं मला मनापासून वाटतं. केसेसची यादी आत्तापासून ठेवा, दहा वर्षांनी केस नंबर शोधत बसणं फार त्रासाचं.

अर्ज मेरिट सिलेक्शन पॅनलकडे जातात, त्यात वकिलांबरोबर वकील नसलेले स्थानिक लोकही असतात. फुलटाइम जागेसाठी पॅनल साधारण ५ नावं पाठवतं, जजेस त्यातून निवडतात, मग एफबीआयची चौकशी आणि आयआरएसची (तिथलं आयकर खातं) टॅक्स तपासणी, ती क्लिअर झाल्यावरच शपथ. टॅक्स रिटर्न थकलेले असतील तर आधी निस्तरा.

आणि इथून पुढेही वाट आहे. संकेत बुलसारा २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्टर्न डिस्ट्रिक्टमध्ये मॅजिस्ट्रेट जज झाले, पुढे त्याच कोर्टात डिस्ट्रिक्ट जज झाले.