एडिटरच्या रंगांची पूर्वपीठिका

फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थी असो वा पणजीत पाट्टोवरील कार्यालयातला प्रोग्रामर, टेक्स्ट एडिटरची, म्हणजे कोड लिहिण्याच्या प्रोग्रामची, रंगयोजना (थीम) स्वतः घडवू पाहणारा प्रत्येक जण प्रथम रंग शोधू लागतो. या विषयाचा इतिहास मात्र रंगांपेक्षा वर्गीकरणाचा, म्हणजे मजकुराचा कोणता तुकडा कोणत्या प्रकारचा हे ओळखण्याचा, अधिक आहे.

प्रारंभीच्या बऱ्याच टर्मिनलांवर (संगणकाला जोडलेल्या पडदा-कळफलकांवर) एकच रंग दिसे, आणि तो पडद्याच्या आतील फॉस्फर या चमकणाऱ्या लेपावर ठरे. रंगीत टर्मिनले आली तेव्हा प्रमाणित संकेतांत मूळ आठच रंग होते, आणि त्यांतल्या प्रत्येकाची नेमकी छटा त्या त्या टर्मिनलवर अवलंबून असे.

खरे वळण एका शब्दकोशामुळे आले. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचे संगणकीकरण चालू असताना आयबीएमच्या माइक काउलिशॉ यांनी १९८५ च्या सुमारास लेक्स नावाचा एडिटर लिहिला. कोशातील एकेका नोंदीत मूळ शब्द, व्युत्पत्ती, अर्थ आणि अवतरणे एकमेकांत गुंतलेली असत. मजकूर टंकला जात असतानाच त्याची रचना ओळखून हे घटक वेगळ्या रंगांत आणि अक्षरवळणांत दाखवण्याची सोय लेक्समध्ये होती. पोथी लिहिणारे श्लोकांतीचे दंड आणि अध्यायसमाप्तीच्या ओळी तांबड्या शाईने लिहीत, त्यामागचा विचारही हाच होता. प्रोग्रामरांच्या नित्याच्या वापरात हे तंत्र रुळायला वेळ लागला. विम या एडिटरमध्ये ते १९९८ च्या ५.० या आवृत्तीत आले.

२००४ मध्ये आलेल्या ॲलन ओडगार्ड यांच्या टेक्स्टमेट या एडिटरने व्याकरण आणि रंग यांची स्पष्ट फारकत केली, आणि माझ्या मते आजच्या थीमचा पाया तिथेच आहे. कोणता तुकडा कॉमेंट (वाचणाऱ्यासाठीची टीप), कोणता स्ट्रिंग (अवतरणचिन्हांतला मजकूर) आणि कोणता कीवर्ड (भाषेचा राखीव शब्द) हे व्याकरणाची फाइल ठरवते व त्या तुकड्याला ‘स्कोप’ म्हणजे श्रेणीबद्ध नाव देते. थीमची फाइल केवळ त्या नावांपुढे रंग मांडते. त्यामुळे एकच थीम कितीही प्रोग्रामिंग भाषांना लागू पडू लागली. हीच पद्धत सब्लाइम टेक्स्टने आणि पुढे २०१५ मध्ये आलेल्या व्हिज्युअल स्टुडिओ कोडने, या दोन्ही एडिटरांनी, स्वीकारली. अशा थीमपैकी मोनोकाय ही २००६ ची. २०११ मध्ये ईथन स्कूनोव्हर यांनी सोलराइज्ड या थीमचे सोळा रंग अंदाजाने न निवडता लॅब या रंगमापनपद्धतीने ठरवले, जेणेकरून गडद आणि उजळ अशा दोन्ही रूपांत मजकूर व पृष्ठ यांच्यातील उजेडाचा फरक सारखा राहावा. गोव्यात उन्हाळ्यातील दुपारी बाल्कांवांत, म्हणजे घराच्या ओसरीवर, बसून आणि रात्री दिव्याखाली तोच कोड वाचणाऱ्याला या समतोलाचे मोल निश्चित कळते.

मराठीत कॉमेंट लिहिणाऱ्यांसाठी एक बाब इथे मुद्दाम नोंदवावीशी वाटते. बऱ्याच तयार थीम कॉमेंटला फिकट राखाडी रंग आणि तिरपे वळण देतात. देवनागरीच्या बहुतेक फाँटमध्ये स्वतंत्र तिरपे वळण नसल्याने उभेच अक्षर कृत्रिमपणे कलवले जाते, आणि फिकटपणामुळे अनुस्वार, रफार व उकार शोधावे लागतात. व्हिज्युअल स्टुडिओ कोडमध्ये यासाठी संपूर्ण थीम लिहावी लागत नाही. स्कोप तपासण्याच्या आज्ञेने शब्दाच्या स्कोपचे नेमके नाव पाहून सेटिंग्जमध्ये तेवढ्यापुरता बदल करता येतो. तेव्हा कॉमेंटचे तिरपे वळण प्रथम काढून टाकावे आणि तिचा रंग पृष्ठाच्या तुलनेत किमान ४.५ : १ इतक्या कॉन्ट्रास्टचा ठेवावा, वेब सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांनी सामान्य आकाराच्या मजकुरासाठी हेच प्रमाण सांगितले आहे.