ग्राहक क्रमांक सांगितला म्हणजे फोन वीज कंपनीचाच?

समज असा: ‘फोन करणाऱ्याने माझं नाव, ग्राहक क्रमांक आणि थकबाकीचा आकडा बरोबर सांगितला, म्हणजे तो वीज कंपनीचाच माणूस.’

असं वाटणं साहजिक आहे. पण हा ग्राहक क्रमांक गुपित नसतोच. तो छापील बिलावर ठळक असतो, आणि बिलं जिन्यात, पत्रपेटीवर पडून असतात किंवा सोसायटीच्या ग्रुपवर फोटो म्हणून फिरतात. एकदा हा क्रमांक मिळाला की बाकीची माहिती मिळवायला कंपनीत ओळख लागत नाही.

स्वतःच करून पाहा. मोबाइलवरच्या पैसे भरण्याच्या अ‍ॅपमध्ये ‘वीजबिल’ निवडा, वीज कंपनी निवडा, ग्राहक क्रमांक टाका. बिलाची रक्कम, मुदत आणि बहुतेकदा नावही (कधी अर्धवट झाकलेलं) दिसतं. पासवर्ड नाही, ओटीपी नाही. शेजाऱ्याचं बिल भरता यावं म्हणून ही सोय आहे, आणि ती चांगलीच आहे. फक्त तिने ओळख पटत नाही.

अशा फोनवर मिळणारी ‘आज रात्री साडेनऊला वीज तोडू’ ही धमकीही तपासता येते. विद्युत अधिनियम 2003 च्या कलम 56 नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी किमान 15 पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते.

शंका आली तर फोन ठेवा आणि बिलावर छापलेल्या क्रमांकावर किंवा 1912 या वीज तक्रारींच्या हेल्पलाइनवर स्वतः फोन लावा. समोरचा एखादं अ‍ॅप टाकायला किंवा ओटीपी सांगायला लावत असेल, तर तेवढीही तसदी नको. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930, म्हणजे सायबर फसवणुकीच्या तक्रारीची हेल्पलाइन.