डाउनपाइप (टर्बो पिकअप ट्रकमधील)

डाउनपाइप : टर्बोचार्जरच्या (जळक्या वायूच्या जोराने टर्बाइन फिरवून एंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या यंत्राच्या, थोडक्यात टर्बोच्या) टर्बाइनमधून बाहेर पडणारा जळका वायू खाली चासीच्या पातळीवर आणून पुढच्या निष्कास नळीत सोडणारा नळीचा तुकडा. कारखान्यातून आलेली ही नळी उतरवून तिच्या जागी बाजारात सुटी मिळणारी, बहुधा मोठ्या व्यासाची नळी बसवण्याची प्रथा उत्तर अमेरिकेतील पिकअप ट्रकवाल्यांत विशेष रूढ आहे. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः त्या प्रथेचा आणि तीतही फोर्डच्या ७.३ लिटर पॉवर स्ट्रोक डिझेल एंजिनाचा विचार केला आहे. आपल्याकडील गॅरेजांत ‘सायलेन्सर’ हा शब्द सबंध निष्कास व्यवस्थेला लावतात आणि एंजिनालगतच्या वाकड्या नळीला ‘बेंड पाइप’ म्हणतात. टर्बोनंतरच्या नळीला मात्र वेगळे मराठी नाव रुळलेले नाही.

नाव : डाउनपाइप हा शब्द मुळात मोटारीचा नाही. ब्रिटिश इंग्रजीत छपराचे पावसाचे पाणी भिंतीलगत खाली आणणाऱ्या नळाला डाउनपाइप म्हणतात. अमेरिकेत त्याच नळाला डाउनस्पाउट असा शब्द आहे. मोटारीच्या संदर्भात या नावाची दोन स्पष्टीकरणे संभवतात. एक असे, की टर्बो एंजिनाच्या वरच्या अंगाला बसत असल्याने त्यातून ‘खाली’ येणारी ती डाउनपाइप. दुसरे असे, की टर्बो सर्रास वापरात येण्यापूर्वीच ब्रिटिश गॅरेजांत मॅनिफोल्डपासून (सर्व सिलिंडरांतला जळका वायू एकत्र करणाऱ्या नळीगुच्छापासून) गाडीच्या तळापर्यंत उतरणाऱ्या पुढच्या नळीला हे नाव होते आणि तेच पुढे टर्बोच्या नळीला लागले. टर्बो नसलेल्या गाड्यांच्या सुट्या भागांतही ब्रिटनमध्ये हा शब्द आजही वापरला जातो, तर अमेरिकेत तशा नळीला हेडपाइप म्हणतात. हे पाहता दुसरे स्पष्टीकरण अधिक सयुक्तिक वाटते. मॅनिफोल्डपासून टर्बोपर्यंत वर चढणाऱ्या नळीसाठी ‘अपपाइप’ हा शब्द आहे. तो डाउनपाइपच्या जोडीला मागाहून घडवलेला असावा.

टर्बो आणि पिकअप : टर्बोचार्जरचे जनकत्व स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी याच्याकडे देण्याचा प्रघात आहे आणि त्यासाठी त्याच्या १९०५ च्या पेटंटचा दाखला देतात. तथापि त्या पेटंटमध्ये संपीडक (हवा दाबून भरणारा पंखा), पिस्टन एंजिन व टर्बाइन ही तिन्ही एकाच दंडावर (शाफ्टवर) जोडलेली होती. आजच्या टर्बोत टर्बाइन आणि संपीडक यांचा दंड एंजिनाच्या दंडापासून पूर्णपणे सुटा असतो. त्यामुळे १९०५ हे वर्ष कल्पनेचे मानावे, यंत्राचे नव्हे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस फ्रान्समध्ये ऑग्युस्त रातो याने विमानाच्या एंजिनांवर केलेले काम आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉस याने १९१८ मध्ये कोलोरॅडोतील सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या पाइक्स पीकवर लिबर्टी एंजिनावर घेतलेल्या चाचण्या आजच्या रचनेला अधिक जवळच्या आहेत. मोटारगाड्यांत ओल्ड्समोबिल जेटफायर व शेव्हरोले कॉर्व्हेअर मॉन्झा स्पायडर या दोन्ही १९६२ मध्ये आल्या. अमेरिकी पिकअपमध्ये टर्बो डिझेल खऱ्या अर्थाने रुजले ते १९८९ च्या डॉजमधील ५.९ लिटर कमिन्स एंजिनाने. फोर्डचे पॉवर स्ट्रोक १९९४ चे, जनरल मोटर्सचे ६.६ लिटर ड्युरामॅक्स २००१ चे. पेट्रोलवर चालणारी ३.५ लिटर जोडटर्बो इकोबूस्ट एफ-१५० ही २०११ ची आहे.

७.३ लिटर पॉवर स्ट्रोकचे उदाहरण : हे व्ही-८ एंजिन नॅव्हिस्टार कंपनीने बांधले होते, तिच्या स्वतःच्या ट्रकांत त्याचे नाव टी४४४ई असे होते. त्यातला टर्बो दोन्ही सिलिंडर-रांगांमधल्या खोबणीत, मागच्या टोकाला, फायरवॉलला (एंजिन व केबिन यांमधल्या पत्र्याच्या भिंतीला) जवळजवळ टेकून बसतो. दोन्ही मॅनिफोल्डमधला वायू अपपाइपांनी वर चढतो, टर्बाइन फिरवतो आणि उजव्या अंगाने गिअरबॉक्सचे घर व फायरवॉल यांच्यामधल्या फटीतून खाली उतरतो. ही फट अरुंद आहे. म्हणून १९९४ ते १९९७ च्या ट्रकांत कारखान्याने तेथे नळी चेपून चपटी केली होती. डाउनपाइप बदलण्याच्या हौसेचे मूळ बरेचसे या चेपण्यात आहे.

नळी चेपली म्हणून प्रवाह अर्ध्यावर येतो, असे ऐकू येते. हिशेब तसे सांगत नाही. ७६ मिलिमीटर व्यासाची नळी एका अंगाने ५० मिलिमीटरपर्यंत दाबली, तर परीघ तेवढाच राहून दुसरा अक्ष वाढतो आणि क्षेत्रफळ सुमारे १५ टक्केच घटते. मात्र चेपलेला भाग नेमका वळणावर येत असल्याने तेथील रोध नुसत्या क्षेत्रफळावरून काढता येत नाही. याउलट ३ इंची नळीच्या जागी ४ इंची नळी घातली, तर क्षेत्रफळ एकदम १.७८ पट होते. पण पुढे आवाज दाबणारा डबा व शेपटीची नळी जुनीच ठेवली, तर त्या वाढीचा फारसा उपयोग होत नाही.

आणखी एक बाब या एंजिनाच्या संदर्भात सहसा निसटते. टर्बाइनच्या बाहेरच्या तोंडाशीच कारखान्याने एक फुलपाखरी झडप बसवलेली असते. कडक थंडीत ती मिटते, मागचा दाब (बाहेर पडणाऱ्या वायूला होणारा अडथळा) मुद्दाम वाढवते आणि एंजिन लवकर तापवते. म्हणजे ज्या ठिकाणचा दाब कमी करण्यासाठी मालक पैसे मोजतो, त्याच ठिकाणी तो वाढवण्याची सोय निर्मात्याने केलेली आहे. काही जण नवी नळी बसवताना ही झडपही काढून टाकतात. मिनेसोटासारख्या थंड राज्यांत पहाटे केबिन तापायला मग वेळ लागतो.

कार्यतत्त्व : टर्बाइनला मिळणारी शक्ती तिच्या आधीच्या व नंतरच्या निरपेक्ष दाबांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. आधीचा दाब ३ बार आणि नंतरचा १.४ बार असेल, तर हे गुणोत्तर २.१४ येते, नंतरचा दाब १.२ वर आणला, की ते २.५ होते. त्यामुळे टर्बो लवकर वेग घेतो. वायूला वाट मिळाल्याने निष्कास तापमानही उतरते. चढावर जड ट्रेलर ओढणाऱ्यांना अश्वशक्तीपेक्षा याचेच महत्त्व अधिक वाटते; या पिढीच्या डिझेल एंजिनांत टर्बाइनपूर्वीचे तापमान सतत १,२५० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे ६७७ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ देऊ नये, असा संकेत आहे.

‘एंजिनाला थोडा मागचा दाब लागतोच’ ही समजूत टर्बो नसलेल्या एंजिनांवरून आली आहे. तेथे फार रुंद नळी घातली, तर दाबलहरींचा मेळ बिघडतो आणि कमी फेऱ्यांवरचा जोर जातो. वस्तुतः तो जोर जातो लहरी बिघडल्यामुळे, दाब कमी झाल्यामुळे नव्हे. टर्बाइननंतरच्या नळीला तर हा मुद्दा लागूच पडत नाही. तेथे एक वेगळीच अडचण उद्भवते: मागचा दाब फार उतरला, की मूळ वेस्टगेट (जादा वायू टर्बाइनला वगळून सोडून देणारे दार) अपुरे पडून बूस्ट, म्हणजे टर्बोने भरलेल्या हवेचा दाब, ठरवलेल्या मर्यादेपलीकडे सरकू लागतो. १९९४ ते १९९७ च्या ७.३ एंजिनांत वेस्टगेटच नव्हते. ते १९९९ च्या सुधारित टर्बोबरोबर आले. वेस्टगेट असलेल्या टर्बोत त्यातून सुटणारा वायू टर्बाइनच्या भोवरी प्रवाहात आडवा शिरू नये म्हणून काही नळ्यांत त्याला काही अंतरापर्यंत स्वतंत्र वाट देतात.

धातू व जोड : स्वस्त नळ्या ॲल्युमिनियमचा थर दिलेल्या साध्या पोलादाच्या असतात. त्यांवर ४०९ प्रतीचे स्टेनलेस आणि सर्वांत वर ३०४ प्रतीचे, अशी चढती भांजणी आहे. ४०९ मध्ये क्रोमियम सुमारे ११ टक्के असते आणि त्यावर वरवरचा तांबूस गंज चढतो. ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असून ते अधिक काळ चकचकीत राहते. पण चकाकीच्या मोहात प्रसरणाचा विचार राहून जातो. एक मीटर लांबीची नळी ५०० अंश सेल्सिअसने तापली, तर ४०९ सुमारे ६ मिलिमीटर आणि ३०४ सुमारे ९ मिलिमीटर वाढते. मधे लवचीक भाता नसेल, तर हा ताण टर्बोच्या तोंडावर किंवा वेल्डच्या कडेवर येतो आणि तडे तेथेच जातात.

टर्बोशी जोड बहुधा व्ही-बँड कड्याने केलेला असतो. दोन्ही तोंडांच्या उतरत्या कडांवर इंग्रजी व्ही आकाराचे कडे आवळले, की कडा आपोआप एकमेकींकडे ओढल्या जातात. या कड्याला मार्मन क्लॅम्प असेही म्हणतात. हे नाव मार्मन प्रॉडक्ट्स या कारखान्यावरून पडले. त्याचा संस्थापक झेपो मार्क्स हा मार्क्स बंधू या विनोदी नटचमूतला सर्वांत धाकटा भाऊ. कड्याचा शोधच त्याने लावला, असे सरसकट सांगितले जाते. कारखाना त्याचा होता, एवढे म्हणणे अधिक सुरक्षित. याच तत्त्वाची कडी पुढे कृत्रिम उपग्रह अग्निबाणावर पकडून ठेवण्यासाठी व नेमक्या क्षणी सोडण्यासाठी वापरली गेली.

बसवणी : एंजिन पूर्ण थंड झाल्यावर बॅटरी सोडवतात आणि गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्रीच पाझरणारे तेल मारून ठेवतात. ७.३ मध्ये खरी कसरत जुनी नळी बाहेर काढण्याची असते. ती अखंड निघत नसेल, तर कापून तुकड्यांनी काढतात. नव्या गोल नळीला वाट देण्यासाठी फायरवॉलच्या खालच्या अंगाला बाहेर आलेली पत्र्याची जोडकड हातोडीने ठोकून मागे वळवावी लागते. काही कारागीर त्याऐवजी केबिनचे उजवीकडचे बोल्ट सैल करून केबिन किंचित उचलतात. नळी आत गेली, तरी कोणताही जोड लगेच घट्ट आवळत नाहीत; आधी सगळी जोडणी सैल लावून घ्यायची, रबरी टांगण्यांवर भार नीट बसला आहे का ते पाहायचे आणि मग टर्बोकडून मागे आवळत यायचे. नळी पत्र्याला, ब्रेकच्या पाइपांना किंवा वायरींना लागता कामा नये. एंजिन भाराखाली वळते, म्हणून उभ्या गाडीत बोटभर दिसणारी जागा चालत्या गाडीत पुरेलच असे नाही. पहिल्या तापण्या-निवण्यानंतर कडे पुन्हा आवळतात. फायरवॉलवर काजळी दिसली, तर दोष डाउनपाइपचाच असेल असे नाही. या एंजिनाचे अपपाइप गळण्याबद्दल प्रसिद्ध आहेत.

पेट्रोल इकोबूस्टमध्ये दोन टर्बो, म्हणून दोन डाउनपाइप, आणि त्यांतच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (विषारी वायूंचे रासायनिक रूपांतर करणारे डबे) असतात. तेथे ऑक्सिजन सेन्सर काढून नव्या नळीत बसवावे लागतात. कन्व्हर्टर नसलेली नळी घातली, तर पी०४२० यासारखा दोषसंकेत गाडीच्या संगणकात उमटून डॅशबोर्डवरचा दिवा लागतो.

कायदा : अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्यानुसार प्रदूषणरोधक भाग काढणे किंवा निकामी करणे, तसेच त्यासाठीचे सुटे भाग विकणे निषिद्ध आहे. कॅलिफोर्नियात अशा भागांना तेथील हवा मंडळाचा सूट-आदेश क्रमांक लागतो. जुन्या ७.३ ट्रकांपैकी अनेकांत कन्व्हर्टर नसल्याने तेथे डाउनपाइपचा प्रश्न बहुतांशी यांत्रिकच राहतो. काजळी-गाळणी आलेल्या, सुमारे २००७ नंतरच्या डिझेल ट्रकांत मात्र ‘डाउनपाइपपासून मागे’ असे नाव असलेला संच बहुधा गाळणी वगळण्याचे साधन असतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने नोव्हेंबर २०२० मध्ये केलेल्या अंदाजाप्रमाणे आधीच्या दशकभरात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपांमधील प्रदूषणरोधक यंत्रणा काढून टाकली गेली होती.

भारतात इसुझू व्ही-क्रॉस, टोयोटा हायलक्स यांसारखे टर्बो डिझेल पिकअप विकले जातात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ने निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदलांस मनाई केली असून २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरबदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.