'बेअर अप'मधला बेअर अस्वल नाहीये

'बेअर अप म्हणजे संकटात अस्वलासारखं ताठ उभं राहणं' असं या इंग्रजी वाक्प्रचाराबद्दल (bear up) फॉरवर्डमध्ये फिरत असतं, आणि स्पेलिंग सेम असल्यामुळे ते पटतंही लगेच, पण हा बेअर प्राणी नाही, क्रियापद आहे. त्याचा अर्थ: वाहून नेणं, पेलणं, सोसणं. जुन्या इंग्रजीत हे क्रियापद 'बेरान' होतं आणि अस्वल 'बेरा', म्हणजे तेव्हाही शब्द वेगळेच. मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की आपला 'भार' ज्या संस्कृत 'भृ' धातूवरून आला तो या बेरानचा नातेवाईक आहे! म्हणून बेअर अप म्हणजे भार पेलूनही न खचणं. चेक करायचं तर कुठलीही चांगली डिक्शनरी उघडा, दोन वेगळ्या नोंदी दिसतील. किंवा भूतकाळ करून बघा, 'शी बोअर अप वेल' होतं, ती खचली नाही, आणि प्राण्याच्या नावाला असा भूतकाळ नसतोच.