गाडी झुकत नाही, पण भार सरकतोच

जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगच्या जुन्या, वळणावळणांच्या ट्रॅकची एक फेरी 20.832 किलोमीटरची. 2021 साली पोर्शेचा चाचणी-चालक लार्स केर्न याने तिथे कंपनीची कायेन टर्बो जीटी ही एसयूव्ही 7 मिनिटे 38.9 सेकंदांत फिरवून आणली. 640 हॉर्सपॉवर, 2,220 किलो वजन, शून्यापासून शंभरचा वेग 3.3 सेकंदांत! हे वाचल्यावर गाडीवेड्या माणसाला वाटणारच, की स्पोर्ट्स कार वेगळी, घरची गाडी वेगळी, कच्च्या रस्त्यासाठी आणखी तिसरी, हा पसारा हवाच कशाला? एका एसयूव्हीत सगळं भागेल की.

पण त्याच केर्नने त्याच ट्रॅकवर पोर्शेचीच 911 जीटी3 ही स्पोर्ट्स कार सात मिनिटांच्या किंचित आत फिरवली आहे. तिची ताकद 510 हॉर्सपॉवर, म्हणजे 130ने कमी. तिचे टायर ट्रॅकला जास्त साजेसे आणि मागे मोठा पंख, हे खरं. तरी माझ्या मते मुख्य फरक वजनाचा आणि उंचीचा आहे. जीटी3 सुमारे 1,435 किलोची आणि बुटकी.

घाटात एसटीत उभं राहून बघा. उजवं वळण आलं की अंग डावीकडे फेकलं जातं, सगळा भार डाव्या पायावर येतो, उजवी टाच हलकी होते. पाय फाकवले किंवा खाली बसलं की सावरता येतं. गाडीचंही असंच. वजन जितकं जास्त आणि उंचावर, तितका जास्त भार वळणात बाहेरच्या चाकांवर जातो. आणि टायरची एक खोड आहे: भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच पडते. त्यामुळे आतल्या टायरने गमावलेली पकड बाहेरचा टायर पूर्ण भरून काढू शकत नाही.

अशा एसयूव्हीत 48 व्होल्टवर चालणाऱ्या मोटरी अँटी-रोल बारला (डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचं झुकणं आवरणाऱ्या दांड्याला) उलट पीळ देतात आणि गाडी वळणात सपाट राहते. इंजिनिअरिंग म्हणून मला हे फार आवडतं. पण गाडी झुकली नाही म्हणजे भार सरकला नाही, असं नव्हे. बसमध्ये तुम्ही ताठ उभे राहिलात तरी बाहेरच्या पायावर भार जवळपास तेवढाच येतो.

ब्रेकचा हिशोबही तसाच. ताशी 100 किलोमीटरवरून थांबताना कायेनला सुमारे 8.6 लाख ज्यूल ऊर्जा जिरवावी लागते, जीटी3ला 5.5 लाख. वेग दुप्पट झाला की दोन्ही आकडे चौपट. म्हणून कायेनच्या पुढच्या चाकांच्या सिरॅमिक ब्रेक डिस्क 440 मिलिमीटरच्या, लहान मुलाच्या सायकलच्या चाकाएवढ्या.

शिवाय हा वेग मिळवताना टर्बो जीटी ही कायेनच्याच टर्बो कूपे या मॉडेलपेक्षा 17 मिलिमीटरपर्यंत खाली बसवली, तिला 22 इंची चाकं आणि ट्रॅकला साजेसे टायर दिले, आसनं चारच ठेवली. म्हणजे एसयूव्ही ज्यासाठी घ्यायची, त्यातलंच थोडं थोडं कापून वेग आणला.

लांबच्या प्रवासाची आरामदायी गाडी आणि सामानासकट कुटुंबाला नेणारी गाडी, या दोन्हींची जागा दमदार एसयूव्ही खुशाल घेऊ शकते, आणि मोकळ्या हायवेवर ओव्हरटेक करताना वेगवान सेडानचीही उणीव भासू देत नाही. हलक्या स्पोर्ट्स कारची जागा मात्र तिला घेता येणार नाही. दगडधोंड्यांच्या वाटेवर तर उंच, साध्या टायरची गाडीच बरी. आणि कोपऱ्यावरून दूध आणायचं तरी हिच्यासोबत सव्वादोन टन लोखंड-ॲल्युमिनियम हलवावं लागतं, तेही जवळपास दोन मीटर रुंद. त्या कामाला घरातली छोटी हॅचबॅक मी तरी विकणार नाही.