नागरी लवचिकता व सामाजिक विषमता

पूर, साथरोग अशा आघातांत शहराचे व्यवहार टिकवून धरण्याची व नंतर सावरण्याची क्षमता म्हणजे नागरी लवचिकता. ही संकल्पना परिस्थितिविज्ञानातून (सजीव व पर्यावरण यांच्या संबंधांच्या अभ्यासातून) आली असे सामान्यतः मानतात आणि त्यासाठी परिस्थितिवैज्ञानिक सी. एस. हॉलिंग यांच्या १९७३ मधील निबंधाचा दाखला देतात. पदार्थांच्या अभ्यासात मात्र ती त्यापूर्वीच रूढ होती. नगररचनेत ती विसाव्या शतकाच्या अखेरीस स्थिरावली असावी. हॉलिंग यांच्या मांडणीत परिसंस्थेचा एकत्रित विचार आहे. शहराला ती जशीच्या तशी लावल्यास कोण सावरले आणि कोण नाही, हा प्रश्न दृष्टीआड होतो, हा टीकाकारांचा आक्षेप रास्त दिसतो.

मुंबईतील २६ जुलै २००५ चा पूर हे याचे ठळक उदाहरण होय. सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस झाला, तर कुलाब्यास सुमारे ७४ मिमी.; शहरातील जुन्या पर्जन्यजलवाहिन्यांची क्षमता ताशी सुमारे २५ मिमी. पावसाचीच होती. मिठी नदी तुंबण्याच्या कारणांविषयी मतभेद आहेत. काठावरील झोपड्यांना मुख्य कारण मानणारा मतप्रवाह त्या वेळी प्रबळ होता. परंतु विमानतळाजवळ नदीला दिलेली काटकोनी वळणे आणि वांद्रे-कुर्ला संकुलासाठी दलदलीच्या जमिनीवर घातलेली भर लक्षात घेता, दोष केवळ झोपड्यांवर टाकणे पुराव्याला धरून नाही. नदीपात्र अरुंद करण्यात नियोजित बांधकामांचाही वाटा होता आणि हटवण्याची पहिली पाळी मात्र बहुधा झोपड्यांवरच आली.

लोकल गाड्या सुरू होणे व कचेऱ्या उघडणे यांवरून शहर सावरल्याचे ठरवण्याचा प्रघात आहे. झोपडपट्टीतील कुटुंबाचे नुकसान या मापात येत नाही: मोफत पुनर्वसनाची पात्रता १ जानेवारी १९९५ पूर्वीच्या (पुढे १ जानेवारी २००० पूर्वीच्या) वास्तव्याच्या पुराव्यावर ठरत असल्याने, शिधापत्रिका व इतर कागदपत्रे पुरात वाहून गेली की घरावरील हक्कही डळमळीत होतो आणि पुढच्या आपत्तीला ते कुटुंब अधिक दुर्बळ होऊन सामोरे जाते.

२०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईतील सुमारे ४१ टक्के लोक झोपडपट्ट्यांत राहत होते. कोविड-१९ च्या साथीतही हीच विषमता दिसली: जुलै २०२० मध्ये तीन प्रभागांत केलेल्या रक्तद्रव सर्वेक्षणात झोपडपट्ट्यांतील सुमारे ५७ टक्के, तर इतर वस्त्यांतील सुमारे १६ टक्के व्यक्तींमध्ये प्रतिपिंडे (संसर्ग होऊन गेल्याची रक्तातील खूण) आढळली. दाट वस्ती व सामायिक शौचालये ही या तफावतीची प्रमुख कारणे मानली जातात.